वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या टेकड्यांवर माउंटन बाईक

उन्हाळा जवळ आला की या सदरात सायकलचे प्रश्न वाढतात, आणि यावेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न डांबरी रस्त्याचे नाहीत तर मातीतल्या सायकलिंगचे आहेत, याचा मला खरंच आनंद झाला. लंडनच्या आसपास आणि खाली दक्षिणेला राहणारी आपली माणसं वीकेंडला मॉल सोडून शेतातल्या वाटांवर जायला लागली आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कुणाची नावं छापलेली नाहीत.

ताई, आम्ही गेल्या वर्षी स्विंडनला राहायला आलो. घराच्या मागे शेतं आहेत, त्यातून मस्त पायवाट जाते आणि तोंडाशी 'पब्लिक फुटपाथ' असा बोर्ड आहे. पब्लिक आहे म्हटल्यावर मी सायकल घातली, तर कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी थांबवून शांतपणे सांगितलं की इथे सायकल चालत नाही. मग चालते तरी कुठे?
(एक वाचक, स्विंडन)

आजोबांचं बरोबर आहे. इंग्लंडमधल्या शेतातून आणि रानातून जाणाऱ्या वाटा बहुतेक करून कुणाच्या तरी खाजगी जमिनीतून जातात, त्यावरून जायचा लोकांना कायद्याने हक्क असतो, पण कुणी कसं जायचं हे वाटेवाटेला वेगळं असतं आणि ते खांबावरच्या बाणाच्या रंगावरून कळतं. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त चालणाऱ्यांसाठी. निळा बाण म्हणजे ब्राइडलवे, तिथे चालणारे, घोडेस्वार आणि आपण सायकलवाले. जांभळट बाण म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे, तिथे घोडागाडीसुद्धा जाऊ शकते पण मोटार नाही, आणि लाल बाण म्हणजे सगळ्यांना खुला बायवे, तिथे कधीकधी जीप आणि मोटारसायकली पण भेटतात. म्हणजे पिवळा सोडून बाकी सगळं आपलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. पिवळ्यावर सायकल घातली म्हणून पोलीस धरत नाहीत, तो जमीनमालकाशी दिवाणी मामला होतो, पण तरी घालू नका, कारण आपल्यासारख्या चार जणांनी तसं केलं की पाचव्याला निळ्या बाणावरही लोक वाईट नजरेने बघतात.

हा हक्क फार जुना नाहीये बरं का. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलला ब्राइडलवेवर जायची परवानगी दिली, आणि देताना अट घातली की चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. शिवाय ती वाट सायकलला चालेल अशी राखायची जबाबदारी मात्र त्या कायद्याने कुणावर टाकली नाही, म्हणून नकाशावर झकास दिसणारा ब्राइडलवे फेब्रुवारीत नुसता खुरांनी तुडवलेला चिखल निघू शकतो. आणि इंग्लंडमधल्या अशा सगळ्या वाटांपैकी साधारण पाचवा हिस्साच सायकलला मोकळा आहे. स्कॉटलंडमध्ये चित्र एकदम वेगळं, तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागलं तर जवळपास कुठेही जाता येतं. तिकडे फिरून आलेला मित्र 'बिनधास्त जा रे' म्हणाला तर तो तिथलं सांगतोय, इथलं नाही, हे ध्यानात ठेवा.

तर पहिली खरेदी सायकलची नाही, नकाशाची करा. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा, केशरी कव्हरवाला, १:२५,००० चा. त्यात या वाटा हिरव्या रंगात असतात, आखूड आखूड रेघा म्हणजे फुटपाथ आणि लांब रेघा म्हणजे ब्राइडलवे. सुरुवातीला डोळ्यांना फरक पटकन कळत नाही, म्हणून एका संध्याकाळी टेबलावर पसरून बोट फिरवत बसा, आपल्या घराजवळून निळ्या बाणाच्या वाटा एकमेकींना कुठे मिळतात ते शोधा, मुलांनाही बसवा सोबत. ॲपवरही हेच नकाशे मिळतात पण गोल चक्कर आखायला कागद मला जास्त आवडतो.

आणि तुम्ही स्विंडनला आहात म्हणजे नशीबवान आहात. तुमच्या दक्षिणेला बार्बरी कॅसल नावाचा लोहयुगातला मातीच्या तटबंदीचा किल्ला आहे आणि त्याच्या अंगाने रिजवे जातो. निदान पाच हजार वर्षांपासून माणसं, गुरं, व्यापारी ज्या धारेवरून चालत आलेत ती वाट. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंग्हो बीकनपर्यंत १३९ किलोमीटरची आहे, त्यातला पश्चिमेचा अर्धा भाग, म्हणजे ओव्हरटन हिल ते थेम्सकाठचं स्ट्रीटली, सायकलला मोकळा आहे. पूर्वेचा अर्धा, चिल्टर्न्स नावाच्या टेकड्यांमधला, त्यात बराचसा फुटपाथ आहे, तिथे घाई करू नका. तुमच्याकडून पूर्वेला निघालात की वाटेत वेलँड्स स्मिदी लागतं, झाडांच्या गोलात नवाश्मयुगातली दगडी कबर. लोककथा अशी की रात्री तिथे घोडा आणि एक नाणं ठेवून गेलं की सकाळी नाल ठोकलेला घोडा मिळतो. तिथून थोडं पुढे अफिंग्टनचा पांढरा घोडा, टेकडीच्या अंगावर खडूत कोरलेला, ११० मीटर लांब आणि तीन हजार वर्षं जुना. गावातली माणसं पिढ्यानपिढ्या त्याच्यावरचं गवत काढत आलीत आणि नवा खडू ठेचून भरत आलीत म्हणून तो अजून दिसतो. सायकल बाजूला ठेवा आणि तिथे अर्धा तास बसाच.

मी पुण्याचा, दर रविवारी सिंहगड. ऑफिसच्या कामाने तीन महिने गिल्डफर्डला येतोय. गूगलवर बघितलं तर तिथली सगळ्यात मोठी टेकडी २९४ मीटर! आमचं पुणंच त्याहून उंच आहे. सायकल भाड्याने घेण्यात अर्थ आहे का?
(एक वाचक, पुणे)

आहे, नक्की घ्या. आकड्याने फसू नका. सिंहगडाचा चढ एकसलग आहे, एकदा लय सापडली की माणूस वरपर्यंत जातो. सरे हिल्समध्ये लय सापडतच नाही. खाली दरीत गाव, तिथून शंभर-सव्वाशे मीटर चढायचं, पण ते मुळांवरून, वाळूतून, मधेच एकदम उभं, की लगेच वर पोचलात, लगेच उतार, परत खाली, परत दुसरी टेकडी. लीथ हिल २९४, होल्मबरी हिल २६१, पिच हिल २५७, या तिन्ही एकमेकींच्या शेजारी आहेत आणि तिन्ही केल्या की दिवसाला सात-आठशे मीटर चढ सहज होतो, तोही बहुतेक सगळा मातीतला. पाय कळवळतात.

गिल्डफर्डहून गॉमशॉल स्टेशन अगदी जवळ आहे, तिथून सायकलने पीसलेक गावात या. लहानसं गाव आहे पण इंग्लंडभरचे माउंटन बाईकवाले ओळखतात, गावातल्या दुकानातल्या चीज स्ट्रॉ खायला शनिवारी सकाळी सायकलींची रांग लागलेली असते. होल्मबरीवरून उतरणारी 'बॅरी नोज बेस्ट' ही ट्रेल पहिली करा, वळणं अशी बांधलीत की ब्रेक जितका कमी लावाल तितकी ती छान लागते. नंतर 'योगर्ट पॉट्स', खड्डे-उंचवटे, खड्डे-उंचवटे, उड्या मारायची हौस नसेल तर हळू काढली तरी चालते. 'टेलिग्राफ रो' जरा हात बसल्यावर.

आता एक गोष्ट जी मला महत्त्वाची वाटते. या टेकड्यांचा मोठा भाग हर्टवूड म्हणून ओळखला जातो, जमीन खाजगी आहे, आणि १९२६ साली तिथले मालक रेजिनाल्ड ब्रे यांनी आपण होऊन ती लोकांना हवा खायला आणि हिंडायला कायमची मोकळी करून दिली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आज वाटा, पार्किंग, पडलेली झाडं हे सगळं फ्रेंड्स ऑफ द हर्टवूड नावाची धर्मादाय संस्था बघते आणि तिचं बरंचसं काम लोकांच्या देणग्यांवर चालतं. तुम्ही तीन महिने तिथे खेळणार आहात तर पाच-दहा पौंड जरूर द्या.

आणि बुटक्या टेकडीवर मोठं सायकलिंग होत नाही असं वाटत असेल तर २०१२ चं ऑलिंपिक आठवा. माउंटन बाईकची शर्यत एसेक्समधल्या हॅडली फार्मवर झाली, थेम्सच्या मुखाजवळ, पडक्या किल्ल्याखालचं गवताळ रान. बाहेरून दगड आणून कोर्स बांधला आणि पुरुषांच्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी स्विस निनो शुर्टरच्या पुढे अवघा एक सेकंद राहिला. ती जागा आता हॅडली पार्क म्हणून सगळ्यांना खुली आहे, तिथल्या वाटांवरून तुम्हीही सायकल चालवू शकता. टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा टॉम पिडकॉक लीड्सचा, म्हणजे इंग्लंडच्या मातीतच वाढलेला, आणि पॅरिसला तर मधेच पंक्चर होऊन मागे पडल्यावर शेवटच्या फेरीत त्याने शर्यत काढली.

मुलं ८ आणि ११ वर्षांची. रेडवेवर (इथल्या, गाड्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या वाटांवर) सायकल उत्तम चालवतात पण आता त्यांना 'खरं जंगल' हवंय. मी स्वतः लहानपणी साताऱ्यात सायकल चालवलीय, त्यानंतर आत्ताच. नकाशा बघून वाटा शोधणं मला जमेल असं वाटत नाही. सरळ सांगा, कुठे जाऊ?
(एक वाचक, मिल्टन कीन्स)

मग तुम्ही ट्रेल सेंटरला जा. तिथे वाट मुद्दाम सायकलसाठी बांधलेली असते, एकाच दिशेने जायचं असतं, खुणा जागोजागी, गाडी लावायला जागा, टॉयलेट, कॅफे, बऱ्याच ठिकाणी भाड्याने सायकल. वाटांना रंग असतात आणि हे रंग मघाशी सांगितलेल्या बाणांच्या रंगांपेक्षा वेगळे, त्यांची गल्लत करू नका. इथे हिरवा म्हणजे सोपी, निळा म्हणजे मध्यम, लाल अवघड, काळा फार अवघड. मुलांना हिरव्यावर एक चक्कर मारू द्या, मग निळा. अकरा वर्षांचं मूल निळ्यावर दुसऱ्याच फेरीत तुम्हाला मागे टाकेल. लालसाठी हट्ट करतील, तेव्हा निळा न थांबता, न उतरता पूर्ण जमला की मग लाल, असा नियम घालून द्या.

तुमच्यापासून गाडीने जाण्यासारखं म्हणजे नॉरफोक-सफोकच्या हद्दीवरचं थेटफर्ड फॉरेस्ट. पहिल्या महायुद्धात लाकूड संपलं म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं निघालं आणि त्यांनी तिथल्या वाळूत पाइन लावले, आज ते मैलोन् मैल पसरलंय. जमीन जवळजवळ सपाट, त्यामुळे चढावर रडारड नाही, पण झाडांमधून वळत वळत जाणाऱ्या वाटेवर वेगाची मजा पुरेपूर. हाय लॉजला गाडी लावा आणि 'बीटर' ही निळी ट्रेल घ्या. दुसरं स्टॅफर्डशरमधलं कॅनक चेस, २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ गेम्सची माउंटन बाईक शर्यत तिथे झाली होती, आणि त्यानिमित्ताने 'पेरीज ट्रेल' ही नवी निळी वाट झाली, स्पर्धेच्या बैलाच्या मॅस्कॉटचं नाव दिलंय, मुलांना ते आवडतं. बर्कशरमध्ये ब्रॅकनेलजवळ स्विनली फॉरेस्ट, तिथली निळी साधारण १० किलोमीटर आहे, दमायला होतं, अधेमधे खाऊ लागेल.

आणि सुट्टीत दोन दिवस मिळाले तर ग्लॉस्टरशरमधलं फॉरेस्ट ऑफ डीन. तिथे जुन्या खाणींच्या रेल्वेमार्गावर कुटुंबासाठी सपाट वाट आहे आणि त्याच्याच शेजारी 'व्हर्डरर्स' ही निळी ट्रेल. तिथल्या लाल ट्रेलचं नाव 'फ्रीमायनर्स' आहे, त्या जंगलात जन्मलेल्या आणि तिथल्या खाणीत एक वर्ष एक दिवस काम केलेल्या माणसाला स्वतःची खाण काढायचा परंपरेने हक्क मिळतो, त्यावरून.

न्यू फॉरेस्टबद्दल पण काहींनी विचारलंय. खडीचे रुंद रस्ते आहेत, मोकळे हिंडणारे पोनी, गाढवं, शरद ऋतूत अ‍ॅकॉर्न खायला सोडलेली डुकरं, लहान मुलांना घेऊन जायला त्याहून सुंदर जागा मला माहीत नाही. पण तिथे खुणा केलेल्या सायकल मार्गांवरूनच जायचं, मधेच हीथमध्ये वाट काढायची नाही, आणि पोनींना काही खायला द्यायचं नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये चाकं फिरेनात इतका चिखल. घरी येऊन दोन तास सायकल धुणं. लोक हिवाळ्यात चालवतात तरी कसे?
(एक वाचक, ल्यूटन)

माती बघून चालवतात. तुमच्यासारखे प्रश्न मला सगळ्यात जास्त येतात आणि लोक उत्तर टायरमध्ये शोधतात, पण खरं उत्तर जमिनीत आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये पाच-दहा मैलांवर माती बदलते. ल्यूटनच्या भोवती चिल्टर्न्सच्या टेकड्या आहेत, त्या खडूच्या. खडूतून पाणी झिरपतं, पण बीचच्या रानांत वर माथ्यावर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, तो चाकाला असा धरतो की फोर्कमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधून, चाक फिरत नाही, आणि ओल्या खडूवर तर हिरवट शेवाळ्यासारखा साय चढलेला असतो, त्यावर पुढचा ब्रेक लावलात की पडलात. एल्सबरीच्या बाजूच्या सखल भागात किंवा सरेच्या दक्षिणेला वील्डमध्ये निव्वळ चिकणमाती, तिथल्या ब्राइडलवेवर ऑक्टोबर ते एप्रिल जाऊच नका असं मी स्पष्ट सांगेन, तुम्हालाही त्रास आणि वाटेचीही वाट लागते.

हिवाळ्यात वाळू शोधायची. तुमच्या वरच्या अंगाला बेडफर्डशरमधून ग्रीनसँडची एक धार जाते, वोबर्न सँड्स, अ‍ॅस्प्ली वुड्स, ही सगळी त्याच वाळूवरची रानं आहेत, पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी चालवता येतं. (तिथे जायच्या आधी परमिटचे सध्याचे नियम तेवढे बघून घ्या.) सरे हिल्सची ती तीन टेकड्यांची रांगही ग्रीनसँडचीच, म्हणून तिथे बारा महिने गर्दी. थेटफर्डची वाळू तर जानेवारीत सगळ्यात छान असते, दाबून बसलेली, उलट कोरड्या उन्हाळ्यात ती सुटी होते आणि चाक रुततं. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा भूगर्भाचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. तो आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा शेजारी शेजारी उघडा, कुठली वाट कुठल्या महिन्यात घ्यायची हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

चिखलात डबकं आलं तर त्याच्या कडेने जाऊ नका, मधून जा. प्रत्येकजण कडेने गेला की वाट दर हिवाळ्यात रुंद होत जाते आणि शेवटी शेतकऱ्याच्या पिकात शिरते. घरी आल्यावर प्रेशरचा पाइप बेअरिंगवर धरू नका, बादली आणि ब्रश, मग चेन फडक्याने कोरडी करून ओल्या हवेचं वंगण. ब्रेक पॅड हिवाळ्यात भराभर झिजतात, चिखलात वाळू असते ना, त्यामुळे दर महिन्याला बघा. आणि चेन किती ताणली गेलीय ते मोजायची पट्टी स्वस्तात मिळते ती घ्या, चेन वेळेवर बदलली तर मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, वाचते आणि कॅसेट महाग असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दर वेळी पंक्चर. टायर नवीन आहे. असं का होतं?
(एक वाचक, बेसिंगस्टोक)

हेज कापायचा मोसम तो. पक्षी घरटी करतात म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना कुंपणाची झुडपं कापायला मनाई आहे, मग सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला यंत्र लावून सगळीकडे एकदम कापणी सुरू होते आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नचे काटे वाटेवर पसरतात. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, करून घ्या. आतलं सीलंट बारीक भोक आपोआप बुजवतं, फक्त ते काही महिन्यांत सुकतं म्हणून पुन्हा घालावं लागतं. चिल्टर्न्सला जात असाल तर गारगोटी टायरची बाजू फाडते, त्यासाठी जाड बाजूचा टायर बरा, आणि एक ट्यूब खिशात असू द्याच.

मला घोड्यांची भीती वाटते आणि गाईंची त्याहून जास्त. ब्राइडलवेवर दोन्ही भेटतात. काय करायचं?
(एक वाचक, स्लाव)

घोडा तुमच्यापेक्षा जास्त घाबरतो हे आधी समजून घ्या. त्याला सायकलचा आवाज येत नाही, मागून काहीतरी अचानक आलं की त्याच्या दृष्टीने तो शिकारी प्राणी. म्हणून लांबूनच बोला. घंटी नको, माणसाचा आवाज. 'हॅलो, सायकल येतेय' असं मोठ्याने पण शांतपणे म्हणा, स्वाराने मागे बघेपर्यंत थांबा, तो म्हणाला की हळू आणि जितकं लांबून जमेल तितकं लांबून जा, आणि चारपाच जण असाल तर सगळे एकत्र जा, एकेक करून सुटे नको. समोरून घोडा आला तर आपण थांबायचं, कायदाही तेच सांगतो. मी बहुतेक वेळा दोन शब्द बोलते, घोड्याचं नाव विचारते, आवाज ऐकून घोडाही निवांत होतो आणि स्वारही.

गाईंचं वेगळं. वासरं बरोबर असतील तर गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. उतरा, सायकल तुमच्या आणि गाईंच्या मधे धरून कडेकडेने चाला, पळू नका. कळप वाट अडवून बसला असेल तर लांबचा वळसा घ्या किंवा परत फिरा, त्यात काही कमीपणा नाही. आणि फाटक जसं होतं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं, कारण शेतकऱ्याने ते गुरांना पाणी मिळावं म्हणूनही उघडं ठेवलेलं असू शकतं.

बजेट १,००० पौंड. हार्डटेल की फुल सस्पेन्शन? की सरळ ई-बाईक? शिवाय उन्हाळ्यात बाबा नाशिकहून येतायत, वय ६६, गुडघे कुरकुरतात पण सायकलचं वेड आहे.
(एक वाचक, रेडिंग)

इथल्या जमिनीला हार्डटेल, म्हणजे धक्के झेलायची सोय फक्त पुढे असलेली सायकल. त्या पैशात फुल सस्पेन्शन, म्हणजे ती सोय पुढे-मागे दोन्हीकडे असलेली, घेतली तर मागचा शॉक, गिअर, ब्रेक सगळंच हलकं मिळतं. २९ इंची चाकं, पुढे १०० ते १२० मिलिमीटर दबणारा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेस करता येतील अशी रिम, एवढं असलं की सरे, चिल्टर्न्स, स्विनली सगळं होतं. आणि विकत घ्यायच्या आधी ऑफिसच्या एचआरला सायकल टू वर्क स्कीम विचारा. पगारातून टॅक्सच्या आधी हप्ते कापले जातात, त्यामुळे बेसिक रेटवाल्यांचे इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून साधारण २८ टक्के वाचतात, ४० टक्केवाल्यांचे ४२, शेवटी मालकी नावावर करून घ्यायला थोडी फी असते ती त्यातून वजा धरा. पूर्वी बऱ्याच कंपन्यांत हजार पौंडांची मर्यादा असायची, २०१९ मधल्या बदलानंतर त्याच्या वरची सायकलही घेता येते, जर तुमच्या कंपनीने परवानगी दिली असेल तर.

बाबांना ई-बाईक भाड्याने घ्या. मोटर २५० वॉटची, पेडल मारलं तरच मदत करणारी आणि ताशी १५.५ मैलांनंतर बंद होणारी असेल तर कायद्याने ती साधी सायकलच, लायसन्स नको, ब्राइडलवेवरही चालते. फक्त थ्रॉटलने पळणाऱ्या आणि वेग वाढवून घेतलेल्या गाड्या यात येत नाहीत. रेडिंगहून गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनला ट्रेनने जा, तिथून रिजवेवर चढा, सुरुवातीचा चढ मोटरवर सोडा आणि मग वर मोकळं रान, गव्हाची शेतं, डोक्यावर चंडोल. घारीही दिसतील, शेपटी दुभंगलेल्या तांबूस, इंग्लंडमधून त्या नाहीशा झाल्या होत्या, १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न्समध्ये सोडली आणि आता रेडिंगच्या छपरांवरही घिरट्या घालतात. पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस मात्र तिथे बाबांना नेऊ नका, ओल्या खडूबद्दल वर लिहिलंच आहे.

साउथ डाउन्स वे सायकलने पूर्ण करायचाय. ट्रेल सेंटरच्या लाल वाटा जमतात. किती दिवस ठेवू, कुठून सुरू करू?
(एक वाचक, क्रॉयडन)

तीन दिवस ठेवा. तयारीचे लोक दोन दिवसांत करतात, काही वेडे एका दिवसात, पण तुम्ही पहिल्यांदा करताय, बघत बघत करा. विंचेस्टर ते ईस्टबोर्न १६० किलोमीटर, चढ सगळा मिळून साधारण ४,००० मीटर, आणि संपूर्ण लांबी सायकलला मोकळी असलेला हा नॅशनल ट्रेल आहे, असे इंग्लंडमध्ये फार थोडे. (कॉट्सवोल्ड वेचं नाव ऐकून बरेच जण सायकल घेऊन जातात, तो बहुतेक फुटपाथ आहे.) विंचेस्टरहून पूर्वेला जा, कारण वारा जास्त करून नैर्ऋत्येचा असतो आणि उघड्या धारेवर तो पाठीशी असणं म्हणजे एक गिअर फुकट. एक-दोन ठिकाणी चालणाऱ्यांची वाट वेगळी होते, सगळ्यात महत्त्वाचं आल्फ्रिस्टननंतर, तिथे पायी जाणारे सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून जातात आणि आपण आतून जेव्हिंग्टनमार्गे ईस्टबोर्नला उतरायचं.

प्रत्येक नदीशी वाट खाली उतरते आणि लगेच परत चढते, मीअन, अरुन, अडुर, ऊझ, ककमिअर. थकवा या चढांचा येतो, त्यामुळे दिवसाचा शेवट नदीपाशी करू नका, म्हणजे सकाळी थंड पायांनी उभा चढ नको. शोरहॅमच्या वर ट्रुली हिलला वाटेवरच हॉस्टेल आहे, ते अगदी धारेवर, दुसऱ्या रात्रीसाठी उत्तम, उन्हाळ्यात बरंच आधी बुक करावं लागतं. पाण्याचे नळ वाटेवर आहेत पण सगळीकडे नाहीत, नकाशावर आधी खुणा करून घ्या आणि दोन लिटर जवळ ठेवा. काही बिघडलं किंवा जीव नको म्हणाला तर अ‍ॅम्बर्लीचं स्टेशन वाटेला लागूनच आहे, पुढे साउथीझ स्टेशनही, दोन्हीकडून ट्रेन मिळते. जाताना आणि येताना ट्रेनचे सायकलचे नियम बघा, लंडनकडच्या गाड्यांत गर्दीच्या वेळी घडी न होणारी सायकल बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागा आधी बुक करावी लागते.

मे-जून सगळ्यात चांगले. उंच गवतात बसलात की उठल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, मोज्यांच्या कडेला गोचीड बघा, चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारं लाल चट्टं दिसलं तर जीपीकडे (आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) जा, लाइम डिसीजवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजारावर, वेळेत औषध मिळालं की बहुतेक लोक पूर्ण बरे होतात.